भामिनीकाकूची डावी भुवई

...आणि वर मलाच म्हणतात, "आबा, जरा आवड सुधारा!" सुधारा म्हणे! अहो, वय वर्षं शहात्तर, अजून दात सुधारायचे राहिलेत, तिथं आवड कुठनं सुधारू? आणि म्हणतं कोण, तर आमची सूनबाई, सुनीती. कॉलेजात शिकवते. म्हणजे काय, समोर साठ पोरं बसतात, हिनं बरोबर म्हटलं की बरोबर, चूक म्हटलं की चूक. पण मी काय हिच्या वर्गात नाव घातलंय? मी सातवी नापास माणूस. भूगोलाचा पेपर कोरा देऊन उठलो, गुरुजी म्हणाले, "महिपती, निदान नाव तरी लिही," मी म्हटलं, "नाव लिहिलं की तुम्हाला कळेल ना कोणाचा पेपर!" तिथनं जो उठलो तो थेट कसब्यात, वडिलांच्या शेजारी तांब्याची भांडी ठोकायला बसलो, त्यात पन्नास वर्षं गेली, परीक्षा या वस्तूशी आपला संबंधच संपला. आणि तुम्हाला सांगतो मंडळी, पानात वांगं वाढताना कुणी विचारतं का, की तुला वांगं का आवडतं ते दोनशे शब्दांत स्पष्ट कर? नाही ना? मग सिरियलनंच काय घोडं मारलंय? आवडीला काय परीक्षा असते होय?

तर माझी मालिका म्हणजे 'हळदीच्या पावलांनी'. हसा. हसून घ्या. आमच्या कर्वेनगरच्या अख्ख्या सोसायटीत हसतात, तुम्ही काय पाप केलंय! नऊशे भाग झालेत तिचे. गोष्ट एवढीच, की तनया नावाची एक सून आहे, ती रडते, आणि सौमित्र नावाचा तिचा नवरा आहे, तो ती का रडते ते विचारत नाही. झालं! एकदा जरी त्या गाढवानं विचारलं असतं, "काय गं, काय झालं?" तर मालिका पहिल्याच सोमवारी आटपली असती. आणि घर बघा त्यांचं! हत्ती झोपेल एवढा सोफा, पण बसेल तर शपथ, सगळे त्याच्या मागं ओळीनं उभे, रेशनला उभे राहिल्यासारखे.

पण... त्या घरात एक बाई आहे. भामिनीकाकू! अहाहा! सगळे म्हणतात ती दुष्ट. मी म्हणतो, त्या घरात काम करणारी ती एकटी आहे हो! पहाटे उठून खिरीत मीठ टाकायचं, दुपारी कपाटातली कागदपत्रं बदलायची, संध्याकाळी जिन्यावर तेल ओतायचं, सगळं एकटीनं! मदतीला कुणी नाही, रविवारची सुट्टी नाही, आणि रात्री पुन्हा नट्टापट्टा जागच्या जागी. आणि मनात काही शिजलं की तिची डावी भुवई वर जाते. डावी फक्त! उजवी गाढ झोपलेली. मग तीच भुवई समोरून, बाजूनं, वरनं, तीनदा दाखवतात, ढॅण... ढॅण... ढॅण! करून बघा बरं तुम्ही. करा, लाजू नका. ...हां, गेल्या ना दोन्ही वर? अहो, तिथं पाहिजे जातीचे! आम्ही भांडं घेताना ते आधी वाजवून बघतो. ही बाई वाजवून बघितली, खणखणीत आहे. ती तनया वाजवली तर नुसतं पाणी गळतं.

आणि मला नावं ठेवणारे काय बघतात तेही ऐका. सुनीती बघते परदेशी मालिका. अंधार! सगळा अंधार! खून कोणी केला ते दहा भागांनी कळतं, पण खोलीत कोण बसलंय ते शेवटपर्यंत कळत नाही, एवढे पैसेवाले लोक, एक बल्ब लावायला काय होतं? आमचे चिरंजीव, आमोद, कंपनीत मोठे साहेब, ते सिनेमा बघतात दीडपट वेगानं. "बाबा, टाइम वाचतो." वाचलेल्या वेळात काय करतो? दुसरा सिनेमा बघतो, तोही पळवत! हिरो मरताना सुद्धा बिचारा घाईघाईत मरतो, जसा पुढं त्याला स्वारगेटला गाडी गाठायचीय. आणि नात, ओवी. ती आडवी पडून फोन उभा धरते आणि एका मिनिटात एक अशा साठ गोष्टी बघते आणि मला म्हणते, "आबा, तुमची सिरियल किती क्रिंज आहे!" आता क्रिंज म्हणजे काय ते मी विचारलं नाही. तिचं तोंड बघून कळलं.

पण ह्या सगळ्यांचे बाप म्हणजे दीनानाथराव! आमच्याच सोसायटीत, दुसरा मजला. जन्म पाटबंधारे खात्यात गेला, खडकवासल्यातनं पाणी किती सोडायचं ते मोजण्यात. आता निवृत्त झाल्यावर ज्ञान सोडतात, आणि हा विसर्ग मोजायला कुणी नाही, आम्ही आपले नदीकाठचे लोक, सामान वर उचलून ठेवतो. त्यांनी काय काढलं, तर 'चित्रपट आस्वाद मंडळ'. दर शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आस्वाद घ्यायचा. सक्तीनं. गेलो मी एकदा. ज्याचं नाव घेताना जीभ चावते अशा कुठल्या तरी देशाचा सिनेमा. एक माणूस आणि एक बोकड बसथांब्यावर उभे. दोन तास! बस येत नाही. सिनेमा संपला! अहो, पुण्यातल्या माणसाला हे पडद्यावर कशाला दाखवता? बोकडाचं सोडलं तर ही माझी आत्मकथा आहे!

मग चर्चा. दीनानाथराव चष्मा पुसत, डोळे मिटून, "आता मला सांगा... तो बोकड... म्हणजे नेमकं काय?" मी हात वर केला. गंभीर चेहरा केला, माझा गंभीर चेहरा फार चांगला होतो, आणि म्हटलं, "दीनानाथराव, तो बोकड म्हणजे त्या माणसाचा बाप आहे." मला वाटलं आता हाकलतात. तर डोळे उघडले त्यांनी, "वा! वा महिपतराव! पित्याचं ओझं! दावणीला बांधलेली परंपरा!" आणि पुढच्या महिन्यात सोसायटीच्या फळ्यावर ह्यांचा लेख, 'बोकड : एक पिता'. माझं नाव? कुठंच नाही. सातवी नापास माणसानं मारलेली थाप पण ह्यांना पुरते, आणि माझ्या भामिनीकाकूला म्हणतात उथळ! आवडीला काय परीक्षा असते होय?

बरं, हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो. पण एके दिवशी आठ वाजता टीव्ही लावला तर भामिनीकाकूच्या जागी दुसरीच कुठली पोरगी शेतातनं पळतेय! खाली पट्टी, की 'हळदीच्या पावलांनी' आता संध्याकाळी साडेसहाला. तुम्हाला सांगतो, मालिका आठवरनं साडेसहावर गेली ना, की समजायचं, तिला घरातनं पडवीत आणून ठेवलीय. ओवी म्हणाली, "आबा, रेटिंग पडलंय तिचं. महिन्याभरात बंद होणार." मी जेवलो नाही त्या दिवशी. म्हणजे जेवलो, पण दुसऱ्यांदा भात नाही घेतला.

आता तुम्ही म्हणाल, एका भुवईपायी म्हातारा एवढा का कासावीस झाला? तर... आता विषय निघालाय म्हणून सांगतो, नाही तर सांगणार नव्हतो. आमच्या यमुनेला जमायचं ते. माझी बायको. एक शब्द बोलायची नाही. मी कुणाची खोडी काढून आलो, शेजाऱ्याच्या चपला झाडावर टांगून आलो, की दारातच... डावी. बस्स! चाळीस वर्षं तिनं मला त्या एका भुवईवर हाकलं. ती गेली त्याला सात वर्षं झाली. त्यानंतर माझ्याकडं बघून कुणी भुवई वर केली नाही हो, सगळे आपले, "आबा, गोळी घेतली का?" ...ते जाऊ द्या.

तर मालिका वाचवायची! कशी? अहो, शस्त्र घरातच होतं. आमच्या टीव्हीखाली एक डबा आहे. दीड वर्षापूर्वी एक माणूस येऊन बसवून गेला, चेतन नावाचा, यवतमाळकडचा, बोलणं गोड. कोण काय बघतं ते मोजायचा डबा. बरोबर एक रिमोट, त्याला घरातल्या प्रत्येकाचं एक बटण. मी एक नंबर, आमोद दोन, सुनीती तीन, ओवी चार, आणि शेवटी पाहुण्यांचं. चेतननं समजावलं होतं, "काकाजी, टीव्हीपुढं बसलं का बटन दाबाचं, उठलं का दाबाचं. तुमच्या एका घराच्या मागं हजारो घरं पकडल्या जाते. आन कोणाले सांगाचं नाही हा!" म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही, फक्त कट्ट्यावर सांगितलं.

दीड वर्ष मी इमानदारीत एक नंबर दाबत होतो. बाकीचे आपापल्या फोनमध्ये. त्या दिवशी मनात म्हटलं, महिपती, एका बटणामागं हजारो घरं असतील, तर चार बटणांमागं अख्खा जिल्हा असेल! दुसऱ्या दिवशी साडेसहाला दाबला एक, दाबला दोन, दाबला तीन, दाबला चार! सुनीती कॉलेजात, आमोद हिंजवडीच्या वाटेवर अडकलेला, ओवी कुठं ते देवाला ठाऊक, पण डब्याच्या हिशेबी सगळे माझ्या मांडीला मांडी लावून भामिनीकाकू बघतायत. नऊशे भागांत एकदा जे जमलं नाही ते एका अंगठ्यानं जमवलं, कुटुंब एकत्र आणलं! मग हात सरावला तसे पाहुणे दाबले. एक, दोन, पाच... आठ पाहुणे! रोज!

आणि तिथंच चुकलो. आठव्या दिवशी चेतन दारात. पाणी प्यायला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, म्हणाला, "काकाजी, तुमच्या इथं रोज साडेसहाले आठ पाहुणे येते?" मी म्हटलं, "येतात की." "रोज?" "रोज." "आन सात वाजता सगळे एकदमच जाते?" "शिस्तीचे आहेत." तो हळूच म्हणाला, "काकाजी... मी यवतमाळचा मानूस. तिकडं असं दिसलं असतं त् मी काहीच नसतं म्हटलं. पण मले पुन्यात तीन वर्षं झाले. इथं रोज आठ पाहुणे कोनाच्याच घरी येत नाही बाप्पा!"

अंगठ्यानं खोटं बोललो, पण गाव विसरलो! बंगालात, विदर्भात, कुठंही खपलं असतं. पुण्यात, चहाच्या वेळेला, आठ पाहुणे, तेही रोज! अहो, यंत्राला सुद्धा कळलं! चेतन म्हणाला, "मी सोमवारी पुन्हा येतो. पाहुणे दिसले त् ठीक हाय. नाही त् डबा काढून न्या लागते." म्हणजे डबा जाणार, माझं मत जाणार, भामिनीकाकू जाणार, आणि भुवई... जाऊ द्या.

मग काय! कट्ट्यावर गेलो आणि सरळ आमंत्रण दिलं. "सोमवारपासून रोज साडेसहाला आमच्याकडं यायचं. चहा आणि कांदाभजी." सगळ्यांनी आधी एकमेकांकडं बघितलं. एकजण म्हणाला, "कुणी गेलंय का?" दुसरा म्हणाला, "महिपत, ह्यात काय खोडी आहे ते आधी सांग." पुण्यात बोलावून सुद्धा पाहुणे मिळत नाहीत, आधी चौकशी समिती बसते! शेवटी भजी आहेत म्हटल्यावर सातजण तयार झाले. आठवा कोण? दीनानाथराव! "मी येईन," म्हणाले, "परंतु अभ्यास म्हणून. अभिरुचीचा ऱ्हास नेमका कसा होतो, ते जवळून पाहता येईल." मी म्हटलं, "या, ऱ्हासाबरोबर हिरवी चटणी पण आहे."

सोमवारी चेतन आला, बघतो तर आठ म्हातारे ओळीनं बसलेले, तोंडात भजी, डोळे टीव्हीला. तोही बसला, दोन भजी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, "मिरची तेज हाय." पण मिरची नव्हती हो ती, तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला पुण्यात कुणी बस म्हटलं होतं.

इथंवर सगळं झकास. महिन्याभरात बंद होणारी मालिका दोन महिने झाले तरी चालूच! आणि तुम्हाला सांगतो, माणसं बिघडायला लागली. दीनानाथराव पहिल्या आठवड्यात वही घेऊन यायचे, दुसऱ्या आठवड्यात वही विसरायला लागले, तिसऱ्या आठवड्यात, "श्श्! बोलू नका!" म्हणून माझ्याच घरात मलाच गप्प करायला लागले. सुनीती पेपर तपासायला म्हणून बाहेर येऊन बसायची आणि एकाच पेपरवर अर्धा तास लाल पेन धरून थांबायची, त्या पोराचं कल्याण झालं असणार. मी मनात म्हटलं, बघ यमुने, सगळ्यांना लावलं कामाला!

एके दिवशी दीनानाथरावांनी खिशातनं कागद काढला. आता पुण्याचा माणूस, त्याला एखादी गोष्ट आवडली की तो टाळी वाजवत नाही, पत्र लिहितो. म्हणाले, "महिपतराव, वाहिनीला पत्र लिहिलं आहे. मालिकेच्या हिताचं. आपल्या नऊही जणांच्या सह्या हव्यात. पहिली आपली, मूळ प्रेक्षक म्हणून." मूळ प्रेक्षक! माझी छाती ही एवढी! मला वाटलं, पुन्हा आठची वेळ द्या म्हणून लिहिलं असणार, दुसरं काय लिहिणार? वाचलं का? नाही वाचलं! चष्मा आत होता आणि ढॅण ढॅण चालू होतं. घातली सही. ठसठशीत, तांब्यावर नाव घालतो तशी.

पंधरा दिवसांनी जाहिरात. 'प्रेक्षकांच्या आग्रहास्तव... भेटा एका नव्या भामिनीकाकूला!' मी म्हटलं, नवी? जुनीला काय झालं? आणि सोमवारी बघतो तर काय, भामिनीकाकू स्वतःच ओतलेल्या तेलावरनं स्वतःच घसरली, जिन्यावरनं गडगडत खाली, डोक्याला पट्टी, आणि डोळे उघडले ते म्हणाली काय... "तनया बाळा, मला माफ कर." बाळा! अहो, खिरीत मीठ टाकणारी वाघीण ती, आता बसून त्या रडूबाईचे केस विंचरते! आणि दोन्ही भुवया? एका पातळीत! पाटबंधारे खात्यानं मोजून बसवल्यासारख्या!

मी ओरडलो, "हा कुणाचा आग्रह?" दीनानाथरावांनी अभिमानानं खिशातनं पत्राची नक्कल काढली आणि वाचून दाखवली, "भामिनी ही व्यक्तिरेखा एकरंगी वाटते. तिला हळवी बाजू दिल्यास मालिकेची कलात्मक उंची वाढेल, असे आम्हा नऊ जाणकार प्रेक्षकांचे मत आहे." आणि खाली पहिली सही... महिपती वडके!

तुम्हाला सांगतो मंडळी, आमच्या धंद्यात वडील एकच गोष्ट शिकवायचे. ठोका कुठं मारायचा ते कुणालाही येतं, थांबायचं कुठं ते कळलं पाहिजे. एक ठोका जास्त पडला की भांडं फाटतं. पन्नास वर्षांत एक हंडा फाटू दिला नाही मी, आणि एका सहीत...

आणि आता काय? मालिका तुफान चाललीय! सगळे म्हणतात भामिनीकाकू किती गोड! पुन्हा आठ वाजता लागते, आणखी हजार भाग होणार म्हणे. म्हणजे आमच्याकडं आठ पाहुणे, आठ वाजता, ऐन जेवणाच्या वेळेला! पुण्यात! सुनीती स्वतः भजी तळते, आमोद सरळ साध्या वेगानं बघतो, वर मागं नेऊन पुन्हा बघतो, ओवी डोळे पुसत म्हणते, "क्रिंज आहे, पण क्यूट आहे." आणि दीनानाथराव माझ्या पाठीवर थाप मारतात, "महिपतराव, अखेर आपली आवड सुधारली!" माझी! सुधारली!

परवा चेतन आला. आता येतो तो अधूनमधून, कामाशिवाय पण येतो. म्हणाला, "काकाजी, सगळं बराबर हाय. दोन, तीन, चार नंबर चालू, पाहुणे खरे. पन एक नंबरचं बटन महिना झाला बंद दिसून राह्यलं. तब्येत बरी हाय ना?" मी म्हटलं, "ठणठणीत." "मंग टीव्ही नाही पाहत तुमी?" म्हटलं, "पाहतो की. रोज पाहतो. पहिल्या खुर्चीत बसून."

बघतो मी. न जाणो, केस विंचरता विंचरता, कुणाचं लक्ष नसताना, कधीतरी... डावी. जित्याची खोड हो, अशी जिन्यावरनं पडून जात नसते! पण बटण? नाही. मघापासून मी म्हणतोय ना तुम्हाला, आवडीला काय परीक्षा असते होय? असते बरं का. रोज आठ वाजता असते, आमच्याच हॉलमध्ये. बसतो मी परीक्षेला. पेपर मात्र कोरा देतो.